आखाजी, डांगर आणि आमचा केळ्या

पहिला दिवस

आम्ही त्याला केळ्या म्हणायचो. जळगाव जिल्ह्यातून पुण्याच्या होस्टेलवर आलेल्या मुलाला दुसरं काय म्हणणार? त्यानंही ते नाव इतकं अंगाला लावून घेतलं होतं की नोकरी लागल्यावर ऑफिसातही तेच चालू झालं. गेल्या आषाढात रविवारी सकाळी तो उठलाच नाही. वय अठ्ठावीस. आदल्या रात्री आमच्याबरोबर मिसळ खाऊन, बिल नेहमीप्रमाणे कोल्हापूरकराच्या गळ्यात मारून तो घरी गेला होता.

चैत्र संपता संपता त्याच्या आईचा, काकूंचा, फोन आला. 'आखाजीले या. त्याच्यामागचा पयला मोठा सन हाय, घर भरलेलं पाह्यजे.' अक्षय्य तृतीया म्हणजे खानदेशाची आखाजी. इकडे दिवाळीपेक्षाही तिचं अप्रूप जास्त. सासरच्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, पितरांची घागर भरतात. तो दरवर्षी आखाजीला सुट्टी टाकायचा आणि आम्ही त्याला चिडवायचो की एप्रिलच्या उन्हात कोण शहाणा माणूस भुसावळला जातो. यंदा आम्ही तिघं निघालो: मी, कोल्हापूरकर आणि मालवणी.

रात्रीची गाडी. मनमाड झोपेत गेलं. चाळीसगावला चहा घेतला. पाचोरा सोडलं तेव्हा उजाडलं होतं आणि खिडकीतून येणारं वारं आताच कोमट लागत होतं. जळगावनंतर मी मुद्दाम दाराशी जाऊन उभी राहिले. जळगाव आणि भुसावळच्या मधे भादली हे छोटं स्टेशन आहे. मोठ्या गाड्या तिथं थांबत नाहीत, पिवळी पाटी वाचेपर्यंत मागे पडते. मागे एकदा आम्ही सगळे भरीत खायला त्याच्याकडे आलो होतो तेव्हा त्यानं भादलीला सगळ्यांना गदागदा हलवून जागं केलं होतं. बालकवी इथं गेले, उठा! त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म धरणगावचा, १८९०चा. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या या पोराला अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी 'बालकवी' म्हटलं, ते कायमचं चिकटलं. ५ मे १९१८ रोजी याच भादलीच्या रुळांवर मालगाडीखाली त्यांचा शेवट झाला. अठ्ठावीस पुरी व्हायला तीन महिने बाकी होते. केळ्याला कवितेत काडीचा रस नव्हता, पण आपल्या भागात घडलेली कुठलीही गोष्ट त्याला स्वतःच्या मालकीची वाटायची. फैजपूरचं १९३६चं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, तेही तो असं सांगायचा की जणू मंडपाचे बांबू त्याच्याच आजोबांनी रोवले.

या वेळी पाटी आली आणि गेली. मालवणी झोपलेला होता. मी उठवलं नाही.

भुसावळला त्याचा धाकटा भाऊ गाडी घेऊन आला होता. शेतकी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. चेहरा तोच, पण बोलणं निम्मं. यावल-फैजपूरकडे निघालो की तापी ओलांडावी लागते. पूल उतरला की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी सुरू होते आणि मग डोळ्यांना दुसरं काही दिसतच नाही. बाहेर चौवेचाळीस अंश, आणि बागेच्या कडेनं जाताना मात्र ओल्या मातीचा गार वास. मधे बामणोद लागतं, भरताच्या वांग्यांचं गाव. वांगी हिवाळ्यातली. कोल्हापूरकरानं तरी चौकशी केलीच.

घरी पोहोचल्यावर आप्पा ओट्यावरच होते. पाणी, चहा, परत पाणी. कोणी रडलं नाही. रडणं बहुधा गेल्या दहा महिन्यांत संपवलेलं असावं, किंवा आमच्यासमोर नको म्हणून आत ठेवलेलं. आम्ही त्याचं काय नाव घ्यावं, हीच मोठी पंचाईत. घरात तो 'भाऊ'. आम्हाला भाऊ म्हणवेना. अर्धा तास 'तो', 'त्याचं', 'त्यानं' असं चाललं आणि मग मालवणी घसरलाच, 'काकू, केळ्या नेहमी म्हणायचा...' पुढे तो थांबला, कानापर्यंत लाल झाला. काकू हसायला लागल्या. 'मले म्हाईत हाय. फोनवर आयकू यायचं ना मागून, ए केळ्या, ए केळ्या!' त्यानंतर बरं गेलं सगळं.

संध्याकाळी धाकट्यानं मला बाजूला घेऊन रिपोर्ट दाखवले. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला आढळला होता. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. बहुतेक वेळा हे आनुवंशिक असतं, माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतो आणि कधीतरी अचानक ठोक्यांची लय बिघडते. मैदानावर कोसळणाऱ्या तरुण खेळाडूंच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागेही पुष्कळदा हेच असतं. म्हणून आईवडील आणि भावंडं, सगळ्यांनी ईसीजी आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यायचा असतो, आणि आज ठीक निघाला तरी काही वर्षांनी पुन्हा. धाकट्याचा झाला, सध्या ठीक आहे. काकूंचाही झाला. आप्पांनी केलेला नाही. 'त्यायले सांगून पाह्य तू,' तो म्हणाला. 'माझं नही आयकत.'

दुसरा दिवस : आखाजी

पहाटे चारला भांड्यांच्या आवाजानं जाग आली. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल, तिच्यावर उपडं खापर, आणि काकूंची जाऊ हातावर मांडा फिरवतेय. पुरण भरलेली पोळी लाटण्याला न शिवता दोन्ही हातांच्या मनगटांवर झुलवत मोठी होत जाते आणि पंख्याएवढी झाली की खापरावर पडते. मला करून बघायचं होतं. माझा मांडा फाटून चुलीत गेला आणि त्यावर बायका पोटभर हसल्या, ते फार बरं वाटलं. त्या घरात सकाळपासून कोणी मोकळं हसायला कारण शोधत होतं.

देवघराशेजारी दोन नव्या घागरी मांडल्या होत्या. एक आजोबांची आणि मागच्या सगळ्या पितरांची. दुसरी त्याची. आजी भिंतीला टेकून बसली होती, नव्वदीच्या आसपासची. घागरीत पाणी ओतताना ती एकदाच बोलली, 'ज्यानं आमची घागर भरायची, त्याची आमी भरू राह्यलो.' कोणी उत्तर दिलं नाही. काकूंनी लोटीनं पाणी ओतणं चालूच ठेवलं.

मग डांगराचा घोळ झाला. घागरीच्या तोंडावर डांगर, म्हणजे आपलं खरबूज, ठेवायची रीत आहे. सोबत सांजोरी, आंबा. काकूंनी डांगर ठेवलं, दोन पावलं मागे झाल्या, बघत राहिल्या आणि परत जाऊन उचललं. त्याला डांगराचा वाससुद्धा चालायचा नाही. होस्टेलवर कोणी खरबूज कापलं तर हा बाहेर व्हरांड्यात. आजी म्हणाली, घागर उघडी ठेवू नये, डांगरच पाहिजे. काकू म्हणाल्या, जन्मभर ज्याला नाक धरलं ते त्याच्या डोक्यावर का द्यायचं? सासूसुनेची चांगली दहा मिनिटं जुंपली. आखाजीच्या दिवशी, पितरांसमोर. शेवटी आजोबांच्या घागरीवर दोन डांगरं गेली आणि त्याच्या घागरीवर आंब्यांचा ढीग. रीत मोडली की राहिली ते आजीनं ठरवलेलं नाही अजून, पण आंबे तिनंच निवडून दिले.

आप्पांनी गोवरीचा निखारा ठेवून त्यावर तूप आणि घास सोडला. याला आगारी टाकणं म्हणतात. धूर सरळ वर गेला की पितरांना पोचलं. मालवणी हळूच म्हणाला, 'पंखा बंद करायला हवा होता.' धूर सगळा माझ्या डोळ्यांत.

जेवण काय वर्णावं! मांडे, आमरस, रशी, कुरडया, पापड, भजी. आंबा आखाजीला पितरांना दाखवल्याशिवाय आमच्याकडे कोणी खात नाही, असं काकू म्हणाल्या, म्हणजे हा घरातला वर्षाचा पहिला रस. कोल्हापूरकर तिसऱ्या वाटीनंतर पाटावरून हलेना.

यंदा या घरच्या कडुनिंबाला झोका बांधलेला नव्हता. आतेबहिणी, चुलतबहिणी माहेरी आल्या होत्या, पण गौराईची गाणी म्हणायला शेजारी गेल्या. भिंतीपलीकडून ती ऐकू येत होती. गल्लीत कडुनिंबाखाली पुरुषांचे पत्ते रंगलेले. आखाजीला पत्ते खेळणं इकडे इतकं ठरलेलं असतं की एरवी पत्त्यांना हात न लावणारे मास्तरसुद्धा बैठकीला दिसतात. आप्पा गेले नाहीत. ते सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याची, वाट बघत होते.

हा भाग मी आधी कधी पाहिलेला नव्हता. खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजी ते आखाजी. त्या दिवशी जुना हिशोब मिटतो आणि नवं साल ठरतं: रोख किती, ज्वारी-गहू किती पोती, कपडे, चपला, उचल किती, खाडे किती चालतील. या घराचा सालदार सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा आदिवासी आहे, पन्नाशीचा, पोरं त्याला मामा म्हणतात. दुपार उतरल्यावर तो आला, ओट्याच्या पायरीवर बसला. आप्पांनी वही काढली. वहीतलं गेल्या पाच वर्षांचं अक्षर केळ्याचं.

तेव्हा मला कळलं की दर आखाजीला तो झोक्यासाठी किंवा मांड्यांसाठी सुट्टी घेत नव्हता. साल ठरवायला यायचा. पुण्यात महिन्याच्या वीस तारखेला ज्याच्या खिशात पन्नास रुपये नसायचे, तो इथं एका माणसाचा वर्षभराचा हिशोब शेवटच्या पायलीपर्यंत लिहीत होता. मामा किती दिवस आजारी होता, त्यातले कापायचे किती, मुलीच्या लग्नाची उचल किती वर्षांत फेडायची. आप्पांशी त्याचं यावरून दरवर्षी वाजायचं. महिन्याला दोन दिवस भरपगारी सुट्टी, हे त्यानं तीन वर्षांपूर्वी वहीत घुसवलेलं. 'बापजन्मी कोनी दिली व्हती का सालदाराले सुट्टी?' असं आप्पा अजूनही म्हणतात, पण त्यांनी तो नियम काढलेला नाही.

रोख रकमेवर लवकर जमलं. ज्वारीवर गाडी अडली. मामा म्हणाला, 'भाऊ बोलले व्हते, औंदा दोन पोते जास्त देऊ.'

आप्पांनी वही चाळली. असं काही लिहिलेलं नव्हतं. धाकट्यानं मोबाईल काढून दोघांचं जुनं बोलणं वर-खाली केलं. तिथंही नाही. मामा पायरीवर शांत बसलेला, नजर खाली. खोटं बोलणारा माणूस इतका शांत बसेल का? आणि खरं बोलणारा तरी दुसरं काय करेल? आप्पा बराच वेळ चष्म्याच्या काड्या उघडमीट करत राहिले आणि मग धाकट्याकडे वही सरकवून म्हणाले, 'लिही. दोन पोते जास्त.' पुढे लगेच, 'पन उचल औंदा अर्धीच,' हेही सांगितलं. मामानं मान हलवली. चहा आला.

रात्री गच्चीवर कोल्हापूरकरानं विचारलंच, 'खरंच बोलला असेल का रे तो?'

धाकटा म्हणाला, 'दादाले कोनी काही मांगितलं का तो पाहू म्हने. नही म्हननं त्याले जमेच ना. मामानं पाहूचं हो केलं असीन.'

आम्ही तिघंही गप्प झालो, कारण आमच्याकडेही त्याचे असे बरेच 'पाहू' पडून आहेत. कोल्हापूरकराच्या बिलांचे तर सगळ्यात जास्त.

तिसरा दिवस

पहाटे शेतात. उन्हाच्या आत जे काय बघायचं ते बघून घ्यावं लागतं. धाकट्यानं मृग बाग, कांदे बाग, पिलबाग असं सगळं समजावलं. जून-जुलैत लावली ती मृग बाग, ऑक्टोबरच्या आसपासची कांदे बाग, आणि पहिला घड कापल्यावर बुंध्याशी फुटलेलं पील वाढवून घेतलेलं दुसरं पीक म्हणजे पिलबाग. सध्या सगळ्यांच्या मनात एकच धास्ती, वादळाची. मे-जूनमधला एक सोसाट्याचा वारा घड लागलेली बाग तासाभरात आडवी करतो. वर्षभर पाणी, खत, मजुरी घातलेलं पीक कापणीच्या तोंडावर जमिनीवर. म्हणून पश्चिमेच्या बांधाला केळ्यानं दाट शेवरी लावून घेतली होती. आप्पांचं म्हणणं, त्या शेवरीनं दोन ओळींची जागा खाल्ली. गेल्या वर्षीच्या वाऱ्यात शेजारची बाग जास्त पडली आणि यांची कमी. आप्पा म्हणतात, वाऱ्याची दिशा वेगळी होती.

कापणी चालू असलेल्या एका बागेतही गेलो. दोघं जण घड उतरवतात, तिसरा पानांची गादी करून त्यावर ठेवतो. खरचटू द्यायचा नाही, काळा डाग पडला की भाव उतरतो. सावदा आणि रावेर स्टेशनांवरून केळीच्या गाड्या भरून उत्तरेत जातात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे केळ्यानं त्या वर्षी ऑफिसभर पेढे वाटून सांगितलं होतं. पेढे उधारीवर. खोडाचा चीक माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर पडला. हा डाग कधीच जात नाही म्हणे. त्याच्या प्रत्येक शर्टावर कुठे ना कुठे असले तपकिरी डाग असायचे, आणि आम्ही त्याला गबाळा म्हणायचो.

विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या दारावर खडूनं थ्री-फेजचं वेळापत्रक लिहिलेलं आहे. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. शेतीची वीज अशीच फिरत येते. अक्षर त्याचं. वेळा आता बदलल्या आहेत, पण पुसवत नाही म्हणून धाकट्यानं नव्या वेळा शेजारच्या भिंतीवर लिहिल्या. एक मजूर जुनं वाचून भलत्या वेळी मोटार चालू करायला आला होता म्हणे. मी म्हटलं, फोटो काढून ठेव आणि पूस. त्याला पटलं नाही. मला अजूनही वाटतं की पुसावं.

दुपार झोपेत. वरण-बट्टी खाल्ल्यावर दुसरं काही करता येत नाही.

ऊन कलल्यावर आप्पा स्वतःहून म्हणाले, चला, चांगदेवला जाऊन येऊ. त्याच्या अस्थी तिथंच सोडलेल्या. तापी आणि पूर्णेचा संगम, काठावर काळ्या दगडातलं चांगदेवाचं जुनं देऊळ. खाली हतनूरचं धरण असल्यामुळे इथं पाणी पसरट आणि जवळजवळ थांबलेलं दिसतं. कुठली तापी आणि कुठली पूर्णा हे दाखवायला माहितगार लागतो. मुक्ताबाईही याच मुलखातली: तापीकाठी मेहूणला वीज कडाडली आणि ती गुप्त झाली, अशी परंपरा. साल १२९७, वय अठरा. कोथळीच्या तिच्या देवळातून आषाढीला पालखी पंढरपूरला निघते आणि सगळ्यात लांबून चालत येणाऱ्यांत ती मोजतात. आप्पा एकदा त्या वारीला गेले होते. मुलाला खांद्यावर घेऊन, पहिले दोन मुक्काम. तिसऱ्या मुक्कामाला पोरानं भोकाड पसरलं म्हणून परत आले. 'तेव्हापासून मले पंढरपूर बाकी हाय,' असं म्हणून ते हसले.

दगडावर बसून ते आमच्याशी बरंच बोलले. मुलाबद्दल कमी, भांडणांबद्दल जास्त. ठिबकवरून भांडण, टिश्यू कल्चरच्या रोपांवरून भांडण, शेवरीवरून, सालदारावरून. तो फोनवर तावातावानं बोलायचा, हे फोन ठेवून द्यायचे, दोन तासांनी तोच परत करायचा. ते फोन आम्ही पुण्याच्या बाजूनं ऐकलेले होते. आम्हाला वाटायचं, याचं बापाशी पटत नाही. आप्पा सांगत होते त्यावरून दिसलं की त्या भांडणांत दोघं मिळून शेत चालवत होते. आता घरात त्यांच्याशी भांडणारं कोणी नाही. धाकटा सगळ्याला होकार देतो आणि त्याचाच त्यांना राग येतो.

मी तिथंच इकोचा विषय काढला. वेळ बरोबर होती की नाही कोण जाणे. म्हटलं, आप्पा, त्याला हे आधी कळलं असतं तर औषधं असतात, छातीत बसवायचं यंत्र असतं, बरंच काही करता येतं. तुमच्यात असेल तर कळायला नको? ते पाण्याकडे बघत म्हणाले, 'साठीच्या मानसाले काय करायचं कयून?' कोल्हापूरकरानं मग आवाज चढवला. इतका वेळ काका-आप्पा करणारा हा माणूस चक्क भांडायला लागला: धाकट्याच्या पुढच्या तपासण्या कधी करायच्या, किती वर्षांनी, हे तुमच्या रिपोर्टवरूनही ठरू शकतं, तुम्ही काय एकट्याचे आहात का, वगैरे. मला वाटलं, आता आप्पा उठून जातील. ते उलट सरसावून बसले आणि त्यांनी डॉक्टर, जळगावचे दर आणि पुण्याची पोरं या तिघांनाही नावं ठेवली. चांगला अर्धा तास वाजलं.

शेवटी म्हणाले, 'मृगाची लागवड व्हऊ दे. मंग पाहू.'

चौथा दिवस

गाडी संध्याकाळची होती. काकूंनी कुरडया, सांजोऱ्या आणि केळीचे वेफर्स अशी तीन पोती बांधली, त्यातलं एक आम्ही कसंबसं परत ठेवलं. आजीनं डांगर दिलं, मालवणीनं ते घेतलं.

सकाळी धाकट्यानं जळगावला फोन करून सोमवारची वेळ घेऊन टाकली, आप्पांना न विचारता. जेवताना सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, सोमवारी ज्वारी न्यायला मामा यायचाय, जमणार नाही. धाकटा नेहमीसारखा गप्प बसला. कोल्हापूरकरानं ताटावरूनच ऑफिसला मेसेज टाकला, दोन दिवस रजा वाढवली आणि म्हणाला, ज्वारी मी मोजून देतो, तुम्ही जा. आप्पांनी विचारलं, तुले पायली म्हाईत हाय का? नव्हती. मग त्याला पायली, मण, पोतं शिकवण्यात पुढचा तास गेला आणि सोमवारी काय करायचं ते ठरवायचं राहूनच गेलं.

भुसावळला मी आणि मालवणी दोघंच गाडीत चढलो. मंगळवारी कोल्हापूरकराचा फोन आला. मामाची पोती सकाळी सातलाच मोजून झाली, दहाला ते दोघं आप्पांना घेऊन जळगावला होते, इकोचा रिपोर्ट बुधवारी. आणि आप्पांनी डॉक्टरशी बिलावरून भांडण केलं.